तंतु कीं कण ?

उरणजवळच्या द्रोणागिरीविषयीं त्या बाजूच्या लोकांत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लक्ष्मणाला शक्ति लागली तेव्हां मारुतीनें जो पर्वत उचलून नेला, त्याचा एक तुकडा वाटेंत या समुद्रकांठीं गळून पडला; तीच ही टेकडी, असें तिकडे सांगतात. पनवेल-उरणचा हा मुलूख आतां पार पालटला आहे. भातखाचरें व मिठागरें यांच्या जागीं रस्ते व उंच इमारती उठल्या असून द्रोणागिरी हें नांव नवी मुंबईच्या एका नव्या वसाहतीस मिळालें आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा तपासण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु रामायणांतील त्या कथेंतली एक गोष्ट शास्त्राच्या अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. संजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी आणि संधानी अशा औषधी आणावयास मारुतीला धाडलें होतें; पण त्या नेमक्या कोणत्या हें ओळखतां येईना, म्हणून त्यानें सगळा पर्वतच उचलला. प्राण राखणारी वस्तु डोळ्यांपुढें असावी आणि ती ओळखूं येऊं नये, हा अनुभव जीवशास्त्रालाही वारंवार आलेला आहे. त्यांतल्याच एका वस्तूची हकीकत आज आमच्या वाचकांस सांगावयाची आहे.

मनुष्याच्या शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत शेंकडों, कांहींत तर हजारों, अतिसूक्ष्म कणिका असतात. त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. आपल्याकडील शालेय पुस्तकांनीं त्यांस तंतुकणिका असा सुरेख प्रतिशब्द योजिला आहे. बहुतेक म्हणण्याचें कारण, रक्तांतील तांबड्या पेशी प्रौढ होतांना आपल्या तंतुकणिका टाकून देतात. तंतुकणिकेची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी, पुष्कळदां त्याहूनही कमी. आपण खाल्लेला वरणभाताचा घांस पचून त्याचा अंश रक्तावाटे पेशींत पोहोंचला, म्हणजे श्वासांतील प्राणवायूशीं त्याचें अखेरचें ज्वलन या कणिकांतच होतें. हें ज्वलन चुलींतल्या लाकडासारखें भडक नसतें. तें पायरीपायरीनें, धूर व ज्वाळा न होतां चालतें. त्यांतून सुटणारी शक्ति एटीपी नांवाच्या द्रव्यांत सांठविली जाते. हें द्रव्य १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोमान यांनीं, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत फिस्क व आपल्या आंध्रांतून तेथें गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं उजेडांत आणलें. नाडीचा ठोका, पापणीची उघडझाप, मनांतला विचार, या सर्वांचा खर्च याच नाण्यांत चुकविला जातो. शरीरांत एका वेळीं तीं नाणीं थोडींच असतात. पण तीं इतक्या वेळां फिरतात कीं, दिवसभरांत घडविल्या जाणाऱ्या या द्रव्याचें वजन सुमारें त्या माणसाच्या वजनाइतकें भरतें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, या कणिकेचा आकार कसा ? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १८९८ सालीं कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानें त्यांचें नामकरण केलें, तेव्हां त्यानें तंतु या अर्थाचा एक व कण या अर्थाचा दुसरा असे दोन ग्रीक शब्द एकत्र जोडले. कारण त्याला कोठें बारीक दाणे दिसत, तर कोठें दाण्यांची दोऱ्यांत ओवल्यासारखी माळ दिसे. पुढें १९१४-१५ च्या सुमारास मार्गारेट व वॉरन लुईस या अमेरिकन दांपत्यानें कोंबडीच्या गर्भांतील जिवंत पेशी कांचेवर वाढवून त्या तासन् तास न्याहाळल्या. त्यांना असें आढळलें कीं, कण लांबून काडी होते, काडीचा तंतु होतो, तंतु तुटून पुन्हां कण होतात. आकाराचे निरनिराळे प्रकार नसून एकाच वस्तूचीं तीं निरनिराळीं रूपें आहेत. हें निरीक्षण अत्यंत मोलाचें होतें. परंतु पुढें बराच काळ तें मागें पडलें. कां, तें पाहूं.

१९५२-५३ च्या सुमारास जॉर्ज पालादे यांनीं अमेरिकेंत व स्योस्ट्रांड यांनीं स्वीडनमध्यें इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं तंतुकणिकेचें अंतरंग प्रथम स्पष्ट पाहिलें. तिला दोन आवरणें असतात. बाहेरचें सपाट, आंतलें मात्र साडीच्या निऱ्यांप्रमाणें घड्या घालून आंत वळलेलें. या घड्यांमुळें थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मावतो, आणि ज्वलनाचीं यंत्रें याच पृष्ठभागावर बसविलेलीं असतात. एटीपी घडविणारें यंत्र तर घड्यांच्या कडेवर जोडीजोडीनें ओळींत असतें, आणि त्या कडेला बांक येतो तो या जोड्यांमुळेंच. म्हणजे आकार यंत्राला जागा देतो व यंत्र आकाराला घडवितें. अहोरात्र राबणाऱ्या हृदयाच्या स्नायूंत या निऱ्या अत्यंत दाट असतात.

ही नवी विद्या आपल्या देशांत आणणाऱ्या अग्रणींत डॉ. सत्यवती सिरसाट यांचें नांव आदरानें घ्यावें लागतें. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्यें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं त्यांनीं कामास आरंभ केला. १९५२ सालीं परळ येथें कर्करोग-संशोधनाचें केंद्र स्थापन झालें, त्याचे पहिले संचालक खानोलकर हेच होते. सिरसाटबाईंनीं लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेंत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाचें शिक्षण घेतलें आणि परत येऊन पेशींच्या सूक्ष्मरचनेची प्रयोगशाळा उभी केली. सुपारींतील अरेकोलीन व मिरचींतील कॅप्सेसीन हीं द्रव्यें उंदरांच्या तोंडांतील अस्तरास लावून तें कसें निबर होतें, याचा खानोलकर व सिरसाट यांनीं १९६० च्या सुमारास केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तीच संस्था या शतकाच्या आरंभीं परळहून पनवेल तालुक्यांतील खारघर येथें आली व आज अॅक्ट्रेक या संक्षिप्त नांवानें ओळखली जाते. मारुतीच्या पर्वताचा तुकडा ज्या मुलुखांत पडला असें लोक म्हणतात, त्याच्या शेजारींच आज पेशींच्या अंतरंगाचीं छायाचित्रें घेतलीं जातात, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

या यंत्रास मात्र एक मर्यादा होती. पेशी औषधांत बुडवून, मारून, तिचे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ काप करावे लागतात. ज्यानें वेलीवर लोंबणारें पडवळ कधींच पाहिलें नाहीं, केवळ ताटांतल्या चकत्याच पाहिल्या, तो पडवळ वाटोळें असतें असेंच म्हणेल. तंतुकणिकांचें तसेंच झालें. लांब, फांद्या फुटलेल्या तंतूंचे काप लंबवर्तुळ दिसले, आणि घेवड्याच्या दाण्यासारखें तंतुकणिकेचें चित्र पाठ्यपुस्तकांत कायम होऊन बसलें. तेंच चित्र आमच्या पिढीनें वह्यांत काढलें. तें खोटें नव्हे; पण तें वाहत्या नदीच्या एका ओंजळीचें चित्र आहे.

जिवंत पेशींत चमकणारीं द्रव्यें घालून पाहण्याची सोय झाल्यावर लुईस दांपत्याचें म्हणणें पुन्हां वर आलें. तंतुकणिका सतत हलतात, एकमेकींस भेटतात, त्यांचीं आवरणें जुळून दोहोंची एक होते, आणि थोड्या वेळानें ती कोठेंतरी आंवळली जाऊन तिचे दोन भाग होतात. रामायणांतील चौथ्या औषधीच्या नांवावरून पहिल्या क्रियेस आम्ही संधान म्हणतों. दुसरीस विभाजन हा शब्द रूढच आहे. संधान घडविणाऱ्या प्रथिनाचा पहिला शोध १९९७ मध्यें फळमाशीच्या अभ्यासांतून लागला. या माशीच्या शुक्रपेशी तयार होतांना सर्व तंतुकणिका एकवटून त्यांचा कांद्यासारखा पापुद्र्यांचा गड्डा बनतो. एका जातीच्या नरांत हे पापुद्रे नीट बनत ना व ते नर निर्वंश राहत. त्यांच्यांत संधानाचें प्रथिन बिघडलेलें होतें. त्याच्या मानवी भावंडांस मायटोफ्यूसिन म्हणतात. तीं बाहेरचें आवरण जोडतात. आंतलें आवरण जोडण्याचें व निऱ्या घट्ट धरण्याचें काम ओपीए-१ हें प्रथिन करतें, आणि विभाजनाच्या वेळीं डीआरपी-१ नांवाचें प्रथिन कणिकेभोंवतीं कडें करून ती आंवळतें.

हा खटाटोप कशासाठीं ? संधानाचा लाभ गृहिणींस सांगावयास नको. एका घरचें विरजण संपलें तर शेजारच्या घरून कवडीभर दहीं आणतात व काम भागतें. एका कणिकेंत जें उणें आहे तें दुसरीकडून भरून निघतें. विभाजनाचा लाभ आंब्याच्या अढीवरून कळेल. एक आंबा नासूं लागला तर तो वेळींच वेगळा काढला पाहिजे. एरवीं सारी अढी जाते. तंतुकणिकेचा बिघडलेला भाग विभाजनानें तोडून निराळा होतो, त्यावर खूण केली जाते आणि पेशी तो पचवून टाकते. शिवाय पेशीच्या दोन पेशी होतांना तंतुकणिकांची वांटणी करावयाची, किंवा मज्जातंतूच्या टोंकापर्यंत त्या पोहोंचवावयाच्या, तर त्या लहान तुकड्यांतच असल्या पाहिजेत.

परिस्थितीप्रमाणें हें माप बदलतें. पोषक द्रव्यें काढून घेतलेल्या पेशींत तंतुकणिका लांब होऊन जोडल्या जातात व त्यामुळें पेशीच्या हातून पचविल्या जाण्यापासून वांचतात, असें २०११ मध्यें दाखविण्यांत आलें. उलट पोषणाचा अतिरेक झाला तर त्या तुटक होण्याकडे कल असतो. हे प्रयोग कांचपात्रांतील पेशींवरचे होत. त्यांवरून एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचें समर्थन करूं पाहणाऱ्यांस आम्ही आधींच सावध करून ठेवतों.

येथपर्यंत आरोग्याची गोष्ट झाली. हें माप कायमचें एका बाजूस झुकलें म्हणजे काय होतें, तें रोग शिकवितात. ओपीए-१ च्या दोषामुळें दृष्टीची मज्जा क्षीण होते, हें २००० सालीं सिद्ध झालें. अशा मुलांची नजर बहुधा लहानपणींच हळूहळू मंदावते. फळ्यावरचें अक्षर दिसत नाहीं आणि चष्मा बदलूनही फरक पडत नाहीं. मायटोफ्यूसिनच्या एका प्रकारांतील दोषानें पावलांचे व पोटऱ्यांचे स्नायु झिजतात आणि चालतांना पाऊल खालीं लोंबतें. हा संबंध २००४ मध्यें कळला. पावलांवरच हा घाला कां ? कारण कण्यापासून पावलापर्यंत जाणारा मज्जातंतु सुमारें एक मीटर लांब असतो, आणि इतक्या दूरच्या टोंकाला तंतुकणिकांचा पुरवठा अडला तर तें टोंक प्रथम सुकतें. या दोन्ही रोगांत संधान कमी पडतें. उलट, २००७ मध्यें एका नवजात अर्भकाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींत विभाजनाचें प्रथिन निकामी असल्यामुळें तंतुकणिका लांब व गुंतागुंतीच्या झाल्या होत्या, आणि तें मूल अल्पावधींतच दगावलें. एकीकडे तुटल्यामुळें रोग, दुसरीकडे न तुटल्यामुळें मृत्यु. तेव्हां तंतु चांगला कीं कण चांगला, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तंतूचा कण व कणाचा तंतु होण्याची शक्ति शाबूत असणें, हेंच तंतुकणिकेचें आरोग्य.

नासका आंबा वेगळा न काढल्यास काय होतें, याचें उदाहरण कंपवातांत सांपडतें. कांहीं घराण्यांत हा रोग चाळिशीच्या आंतच दिसतो. अशा रुग्णांत दोष आढळणारीं पार्किन व पिंक-१ हीं प्रथिनें अनुक्रमें १९९८ व २००४ मध्यें ओळखलीं गेलीं. आणि २००८ पासूनच्या संशोधनानें दाखविलें कीं, बिघडलेल्या तंतुकणिकेवर खूण करण्याचें काम हींच करतात. म्हातारपणीं होणारा सर्वच कंपवात या कारणानें होतो असें मात्र नव्हे.

आकार बदलण्याची दुसरी एक तऱ्हा सूजेची आहे. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडला कीं थोड्या मिनिटांतच त्यांतील तंतुकणिका फुगूं लागतात व त्यांच्या निऱ्या विस्कटतात. आरंभीं ही सूज उतरूं शकते. परंतु रक्त अजिबात थांबलें तर सुमारें वीस ते चाळीस मिनिटांनंतर कणिकांच्या आंत गांठी दिसूं लागतात, आणि तेथून ती पेशी परत फिरत नाहीं. ही हानि एकदम सर्व स्नायूंत न होतां हळूहळू पसरत जाते. म्हणून छातींत कळ आल्यावर ओवा-पाणी घेऊन वाट पाहण्यांत गेलेला प्रत्येक क्षण महाग पडतो. कर्करोगाच्या बाबतींत ऑटो वारबुर्ग यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत असें मत मांडलें होतें कीं, त्या पेशींचें श्वसनच बिघडलेलें असतें. पुढच्या संशोधनानें तें पुष्कळ सुधारलें. अनेक कर्कपेशींतील तंतुकणिका चांगल्या काम करतात. मात्र पेशीच्या बेफाम वाढीस सोयीचें म्हणून विभाजनाकडे झुकलेल्या असतात.

आतां आमच्या वाचकांच्या घराघरांस स्पर्श करणारा एक विषय राहिला. तंतुकणिकांत त्यांचा स्वतःचा असा थोडा आनुवंशिक लेख असतो. त्यांत १६,५६९ अक्षरें व ३७ जनुकें आहेत, आणि १९८१ मध्यें तो संपूर्ण वाचला गेला. हा लेख केवळ आईकडून येतो. आपलें गोत्र बापाकडून मुलाकडे जातें, कुळवृत्तांतांत नांवें लागतात तीं बहुतांशीं पुरुषांचीं. पण हा एक वारसा आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, असा कोणत्याही पोथींत नोंद न होतां चालत आलेला आहे. मुलगे तो घेतात, पण पुढें देत नाहींत.

एवढें ऐकून कोणी आजारी मुलाच्या आईकडे बोट दाखवील, तर तो घोर अन्याय होईल. तंतुकणिकेंत एक हजाराहून अधिक प्रकारचीं प्रथिनें असतात. त्यांपैकीं अवघीं तेरा या मातृलेखावरून घडतात. बाकी सर्व पेशीच्या केंद्रांतील जनुकांवरून, म्हणजे आईबापांच्या समाईक वारशांतून येतात. वर सांगितलेलीं संधानाचीं व विभाजनाचीं सर्व प्रथिनें याच वर्गांतलीं आहेत. पार्किनचा किंवा पिंक-१ चा रोग तर दोन्हीकडून दोष आल्यावरच बहुधा उद्भवतो. आपल्यांतील कांहीं शाखांत मामेबहिणीशीं लग्नाची चाल होती व क्वचित् अजूनही आहे. सख्ख्या मामे-आत्येभावंडांत केंद्रांतील वारशाचा सरासरीनें अष्टमांश एकच असतो, हें तेथें विसरूं नये. आणि दोष मातृलेखांतलाच निघाला, तरी तो आईनें केलेला नसतो; तिला तो तिच्या आईकडून मिळालेला असतो, किंवा नव्यानेंच उद्भवलेला असतो. गरोदरपणांत काय खाल्लें, कोणता उपास मोडला, याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. अशा स्त्रियांस निरोगी अपत्य व्हावें म्हणून दुसऱ्या स्त्रीच्या बीजपेशींतील तंतुकणिका घेण्याची रीत ब्रिटननें २०१५ मध्यें कायद्यानें मान्य केली, आणि न्यूकॅसल येथें या रीतीनें आठ बालकें जन्मल्याचें २०२५ मध्यें जाहीर झालें.

यावर घरांत करण्यासारखें काय, असें वाचक विचारतील. तंतुकणिकांस बळ देणारीं म्हणून संजीवनीच्या नांवानें विकलीं जाणारीं चूर्णें व गोळ्या यांवर पैसे घालवूं नयेत. निरोगी माणसास खात्रीचा उपाय एकच माहीत आहे, तो म्हणजे नित्याचा व्यायाम. १९६७ मध्यें जॉन हॉलोझी यांनीं उंदरांना आठवड्यामागून आठवडे पळवून दाखविलें कीं, त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची ज्वलनशक्ति सुमारें दुप्पट होते. माणसांतही अशीच वाढ आढळली आहे. घरांतील एखाद्या मुलास फेफरें, स्नायूंची दुर्बळता, दृष्टि किंवा श्रवण मंदावणें अशीं लक्षणें एकत्र दिसलीं, तर मज्जारोगतज्ज्ञांस दाखवावें. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट हें औषध तंतुकणिकांच्या कांहीं रोगांत यकृतास घातक ठरतें, म्हणून रोगाची शंका त्यांच्या कानावर घालावी. पण चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

आणखी एक काम मात्र कोणत्याही तज्ज्ञाशिवाय होण्यासारखें आहे. घरोघरीं कुळवृत्तांत जपून ठेवलेले असतात. त्यांच्याच मागच्या कोऱ्या पानांवर आई, आजी, पणजी, मावश्या व मावसभावंडें यांचीं नांवें, त्यांच्या माहेरचीं घराणीं, आणि कोणास कोणता आजार कितव्या वर्षीं झाला, हें लिहून ठेवावें. वैद्यास निदान करतांना या चार ओळींचा उपयोग होईल, आणि ज्या वारशावर आपला प्रत्येक श्वास चालतो, त्याची घरांत प्रथमच नोंद होईल. ज्यांना हीं नांवें तोंडपाठ आहेत अशा वृद्ध स्त्रिया घरांत आहेत, तोंवरच हें काम उरकून घ्यावें.